मागणी आहे, पण कच्चा माल?

मालाला मागणी आहे म्हणजे धंदा चालणारच, असं धरून चालू नका. आसाममधल्या हिंदुस्तान पेपर कॉर्पोरेशनच्या सरकारी मिल बघा. पाचग्रामची कछार मिल बांबूपासून कागद बनवायची. 2007 च्या आसपास मिझोराममध्ये बांबूला फुलोरा आला. फुलल्यावर बांबू मरतो, त्यामुळे पुरवठा आटला. पुढे रेल्वेचं मीटरगेज बदलताना कोळसा आणणंही अवघड झालं. खेळतं भांडवल संपलं, पगार थकले. 2015 मध्ये ती मिल थांबली, 2017 मध्ये जागीरोडचीही. देशात कागद मात्र खपतच होता!

आजच वहीत लिहा: दुसरा सप्लायर कोण? माल आणायचा दुसरा मार्ग कोणता? विक्री थांबली, तर हातातल्या पैशांत किती महिने निघतील?