संगणकावरील चित्रमाला मंद कां चालते?



गेल्या वर्षीं आमच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें घरच्या संगणकाच्या पडद्यावर वॉलपेपर म्हणून आपल्या फोटोंची चित्रमाला लाविली. पन्हाळा, रंकाळा, जोतिबाची यात्रा, बहिणीचें लग्न असे दोन हजारांवर फोटो एकाच फोल्डरांत होते. दर मिनिटास चित्र बदले आणि प्रत्येक वेळीं संगणक क्षणभर अडे. "सर, अर्धे फोटो पुसून टाकूं का?" असें त्यानें मला विचारलें. त्या फोटोंत त्याच्या दिवंगत आजोबांचेहि फोटो होते. २०१९ च्या ऑगस्टांतील पंचगंगेच्या महापुरांत घरचे आल्बम भिजून गेल्यामुळें त्यांची दुसरी प्रत कोठेंहि नव्हती. म्हणून उपायापूर्वीं कारण शोधणें किती अगत्याचें आहे, तें येथें पाहूं.

चित्रमालेची कल्पना आपणांस नवी नाहीं. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनीं १८९२ सालीं 'शांबरिक खरोलिका' या नांवानें चित्रांचे खेळ दाखविण्यास आरंभ केला. कांचेवर हातानें रंगविलेलीं चित्रें दिव्याच्या प्रकाशानें पडद्यावर पाडीत असत. अशा खेळांत पेटींत कितीहि कांचा असल्या, तरी दिव्यापुढें येई ती त्या प्रसंगास लागणारी कांच. उरलेल्यांचा भार दिव्यावर पडत नसे. संगणकाचेंहि बहुतांशीं असेंच आहे. मग भार येतो कोठून?

आजच्या कॅमेऱ्याचा एक फोटो ६,००० बिंदु रुंद व ४,००० बिंदु उंच आहे असें धरा. एकंदर २ कोटी ४० लाख बिंदु झाले. या बिंदूंस पिक्सेल म्हणतात. जेपेग पद्धतीनें हा फोटो घडी घातलेल्या लुगड्याप्रमाणें आटोपशीर ठेविलेला असतो, म्हणून डिस्कवर तो आठ-दहा मेगाबाइटांतहि मावतो. परंतु दाखविण्यापूर्वीं ती घडी उलगडावी लागते. प्रत्येक पिक्सेलास तीन बाइट धरल्यास उलगडलेला फोटो संगणकाच्या स्मृतींत ७२ मेगाबाइट जागा व्यापतो. आणि पडदा केवढा? पुष्कळ घरीं तो १,९२० × १,०८० पिक्सेलांचा, म्हणजे सुमारें २० लाख ७४ हजार पिक्सेलांचा असतो. अकरापटींहून अधिक पिक्सेल उलगडावयाचे आणि मग ते पडद्याच्या मापास आटवावयाचे! वाटीभर पाण्यासाठीं घागर उपसण्यासारखेंच हें झालें.

संख्येचा त्रास निराळ्या वेळीं जाणवतो. फोल्डर मोठें असल्यास त्यांतील फोटोंची यादी करण्यास आरंभींच वेळ लागतो. फोटोंची जागाहि पाहावी. फिरत्या तबकड्यांच्या हार्ड डिस्कवरून वाचण्यास अधिक वेळ लागतो. क्लाउडवरील फोटो तर आधीं इंटरनेटवरून उतरवून घ्यावा लागतो.

आतां परीक्षा कशी करावी? एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, हा नियम पाळा.

पहिली परीक्षा: चित्रमाला बंद करून एकच लहान चित्र लावा. तरीहि संगणक अडत असेल, तर दोष अन्यत्र आहे.

दुसरी परीक्षा: मूळ फोटोंपैकीं दहांच्या प्रती नव्या फोल्डरांत ठेवून त्यांची चित्रमाला लावा. अडखळणें थांबलें, तर दोष संख्येचा किंवा जागेचा. न थांबलें, तर मापाचा संशय घ्यावा.

तिसरी परीक्षा: त्याच दहा प्रती 'पेंट'मध्यें उघडून पडद्याच्या मापाइतक्या लहान करा व 'सेव्ह ॲज' करून निराळ्या नांवानें तिसऱ्या फोल्डरांत ठेवा. आतां गति सुधारली, तर कारण निश्चित झालें.

येथें एक सूचना लक्षांत ठेवावी. लहान केलेला फोटो मूळ नांवानेंच जतन केल्यास मूळ फोटो नाहींसा होतो, आणि गेलेले पिक्सेल त्या लहान प्रतींतून परत मिळत नाहींत.

आमच्या विद्यार्थ्यानें या तिन्ही परीक्षा केल्या. दुसरींतहि अडखळणें राहिलें, तिसरींत गेलें. दोष दोन हजार या संख्येचा नव्हता. प्रत्येक फोटोच्या मापाचा होता! अर्धे फोटो पुसले असते, तरी उरलेल्यांनीं संगणकास तितकेंच अडविलें असतें. आजोबा मात्र कायमचे गेले असते. मग त्यानें चाळीस फोटोंच्या लहान प्रती करून चित्रमालेस दिल्या. विंडोजमध्यें चित्र बदलण्याचा काळ एका मिनिटापासून एका दिवसापर्यंत ठरवितां येतो. त्यानें तो अर्ध्या तासाचा ठेविला. मूळ फोटोंस हात न लावितां त्यांची आणखी एक प्रत बाहेरच्या डिस्कवर करून ती वडिलांच्या कपाटांत ठेविली.

पालकांसहि विनंती आहे कीं, घरचा संगणक मंद झाला म्हणून मुलांस "कांहीं तरी पुसून टाक" असें एकदम सांगूं नये. प्रथम त्यांस या तीन परीक्षा करूं द्याव्या. पुसणें एका क्षणाचें काम आहे, परंतु ज्याची दुसरी प्रत नाहीं तें पुसल्यावर पुन्हां मिळेल याची शाश्वति नसते.