जावाची नवी आवृत्ति : कांहीं नेहमींचे प्रश्न

संगणकाच्या वर्गांत जावा ही भाषा शिकणाऱ्या तुम्हां मुलांस, आणि घरीं संगणक घेऊन देणाऱ्या तुमच्या पालकांस, एक शंका वर्षांतून दोनदां तरी पडतेच. मार्च महिना आला कीं जावाची एक नवी आवृत्ति निघते. सप्टेंबर आला कीं दुसरी निघते. घरच्या संगणकावर तर जुनी आवृत्ति सुखानें चाललेली असते. मग नवी घ्यावी काय? घेतली तर जुनें काम बिघडणार तर नाहीं ना? आणि तिला पैसे किती पडतील? असे प्रश्न आम्हांस वरचेवर विचारण्यांत येतात. त्यांपैकीं जे खरोखर विचार करण्याजोगे आहेत, त्यांचा येथें परामर्श घेण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ज्या वस्तूविषयीं बोलावयाचें ती आधीं नीट ओळखून घेऊं. अमेरिकेंतील सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनींत जेम्स गॉस्लिंग व त्यांचे सहकारी यांनीं ही भाषा रचिली. १९९१ सालीं त्या कार्यास आरंभ झाला व १९९५ सालीं भाषा जगापुढें आली. गॉस्लिंग यांच्या कचेरीबाहेर ओकचा एक वृक्ष होता, त्यावरून तिचें पहिलें नांव 'ओक' असें होतें. पुढें तें बदलून कॉफीवरून 'जावा' झालें. संस्कृत ग्रंथांतील यवद्वीप तें हेंच बेट, असें पुष्कळ विद्वान् मानतात. परंतु तो विषय निराळा. २०१० सालीं सन कंपनी ओरॅकल कंपनीनें विकत घेतली. आपण संगणकावर जें चढवितों त्याचें नांव जेडीके. सुताराच्या पेटींत जशीं करवत, रंधा व पटाशी, तशीं या पेटींत आपला मजकूर यंत्रास समजेल अशा रूपांत आणणारा कंपायलर, तें रूप चालविणारें यंत्र, आणि तयार प्रोग्रामांचा मोठा संग्रह, अशीं साधनें असतात. आवृत्ति बदलावयाची म्हणजे ही सगळी पेटी बदलावयाची.

पूर्वीं हा योग क्वचित् येत असे. आठवी आवृत्ति मार्च २०१४ मध्यें निघाली आणि नववीस सप्टेंबर २०१७ उजाडावें लागलें. त्यानंतर मात्र दर सहा महिन्यांनीं एक, असा नेम ठरला. यांतील बहुतेक आवृत्त्या अल्पायुषी होत. पुढची निघाली कीं त्यांच्या दुरुस्त्या थांबतात. परंतु ११ वी (२०१८), १७ वी (२०२१), २१ वी (२०२३) व २५ वी (२०२५) या दीर्घ मुदतीच्या आहेत. त्यांस सुरक्षेच्या दुरुस्त्या अनेक वर्षें मिळत राहतात. विद्यार्थ्यानें यांतीलच एखादी घ्यावी व मधल्यांच्या वाटेस जाऊं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. दर सहा महिन्यांनीं पेटी बदलणारा सुतार काम केव्हां करणार?

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. जुनें काम नव्या आवृत्तींत चालेल काय? बहुतांशीं चालेल, आणि याबाबत जावाची ख्याति चांगली आहे. कंपायलर आपल्या मजकुराची 'क्लास फाइल' करतो व तिच्या आरंभींच एक आंकडा घालून ठेवतो. आठव्या आवृत्तीचा आंकडा ५२, अकराव्या आवृत्तीचा ५५, सतराव्या आवृत्तीचा ६१, एकविसाव्या आवृत्तीचा ६५ आणि पंचविसाव्या आवृत्तीचा ६९. या आंकड्यांतून ४४ वजा करा, म्हणजे आवृत्ति हातीं येते. नवें यंत्र जुना आंकडा वाचतें. जुनें यंत्र मात्र नवा आंकडा पाहून 'अनसपोर्टेड क्लास व्हर्शन' अशी तक्रार करून थांबतें. ही तक्रार दिसली कीं पुष्कळ मुलें घाबरून स्वतःच्याच प्रोग्रामांत चूक शोधूं लागतात. चूक तेथें नसतेच. शाळेंत पंचविसाव्या आवृत्तीवर तयार केलेली फाइल घरीं सतराव्या आवृत्तीवर चालविली, एवढेंच घडलेलें असतें. कधीं कधीं तर एकाच संगणकावर कंपायलर नवा आणि चालविणारें यंत्र जुनें, असा प्रकार आढळतो. कारण जुनी पेटी काढून टाकलेली नसते, व कोणत्या फोल्डरांत आधीं शोधावें हें सांगणारी जी 'पाथ' नांवाची यादी, तींत जुन्याचें नांव पुढें राहिलेलें असतें. तेव्हां कमांड प्रॉम्प्टवर 'जावा' आणि 'जावासी' या दोहोंसहि त्यांची आवृत्ति विचारावी. दोन उत्तरें निराळीं आलीं, तर दोष यादींत आहे असें समजावें.

मग बिघडतें तें काय? जावाच्या संग्रहांत कांहीं भाग सर्वांसाठीं खुला असतो, आणि कांहीं केवळ पेटी बनविणाऱ्यांच्या अंतर्गत सोयीसाठीं असतो. या आंतल्या भागांस हात लावूं नये, ते केव्हांहि काढले जातील, अशी सूचना कंपायलर फार पूर्वींपासून देत आला आहे. तरीहि अनेकांनीं मागील दारानें ये-जा चालविलीच. नवव्या आवृत्तीपासून संग्रहाचे मॉड्यूल नांवाचे विभाग पाडण्यांत आले, सोळावींत मागील दार सामान्यतः बंद झालें, आणि सतरावींत, तें पुन्हां उघडण्याची जी एक सरसकट सवलत होती, तीहि गेली. याशिवाय कांहीं खुले भागहि पेटींतून बाहेर काढले गेले : एक्सएमएल व जावा यांची सांगड घालणारा जॅक्सबी हा भाग अकरावींत, आणि नॅशॉर्न हें जावास्क्रिप्ट चालविणारें यंत्र पंधरावींत. शाळकरी प्रोग्राम या वाटेस सहसा जात नाहींत. परंतु तुम्हीं दुसऱ्याची एखादी लायब्ररी घेतली असेल, तर ती जात असण्याचा संभव मोठा. यास्तव आवृत्ति बदलण्यापूर्वीं लायब्ऱ्या अद्ययावत् कराव्या. आंतल्या भागांचा वापर कोठें होतो हें दाखविणारें 'जेडेप्स' नांवाचें साधन आठव्या आवृत्तीपासून पेटींतच आहे, पण त्याची ओळख फार थोड्यांस असते.

यापेक्षांहि आमच्या मुलांस अधिक जवळचा असा एक फरक आहे, आणि तो आपल्या देवनागरी अक्षरांविषयींचा आहे. समजा, एखाद्या मुलानें वडिलांच्या दुकानाची उधारी मांडण्यासाठीं प्रोग्राम लिहिला. गिऱ्हाइकांचीं नांवें त्यानें नोटपॅडमध्यें मराठींत लिहून ठेविलीं. प्रोग्राम ती फाइल वाचतो, नव्या रकमा मांडतो आणि फाइल पुन्हां लिहितो. नोटपॅड २०१९ पासून सामान्यतः यूटीएफ-८ या पद्धतीनें अक्षरें साठवितें. या पद्धतींत प्रत्येक देवनागरी चिन्हास तीन बाइट लागतात; 'गोविंद' या नांवांत ग, ओकार, व, इकार, अनुस्वार व द अशीं सहा चिन्हें, म्हणून अठरा बाइट. पण सतराव्या आवृत्तीपर्यंतचा जावा, कोणती पद्धत वापरावी हें प्रोग्रामांत सांगितलें नसेल, तर संगणकाचीच चाल स्वीकारीत असे. आणि इंग्रजी विंडोजची जुनी चाल एका बाइटास एक अक्षर अशी, 'विंडोज-१२५२' नांवाची आहे. तींत मराठीस मुळीं स्थानच नाहीं.

आतां मौज अशी कीं, ही चुकीची वाचणी आणि तितकीच चुकीची लेखणी मिळून पुष्कळदां फाइल जशीच्या तशी राहते. गोविंदाचे अठराहि बाइट सुखरूप परत येतात, व मुलास वाटतें कीं सर्व ठीक आहे. परंतु विंडोज-१२५२ च्या कोष्टकांत पांच जागा रिकाम्या आहेत, आणि आपल्या कांहीं चिन्हांचा शेवटचा बाइट नेमका त्या जागीं पडतो. ऱ्हस्व उकार, जोडाक्षरांतील हलन्त, झ, ए आणि ऐ हीं त्यांपैकीं होत. तो बाइट वाचतांना हरवतो आणि लिहितांना त्याच्या जागीं प्रश्नचिन्ह येऊन बसतें. म्हणजे गोविंद वांचतो. मुकुंद आणि लक्ष्मण यांचीं नांवें मात्र पहिल्याच फेरींत फुटतात. उधारीच्या वहींतील नांव गेलें म्हणजे रक्कम राहूनहि ती कोणाकडून घ्यावयाची हें कळत नाहीं. हें नुकसान लहान नव्हे.

अठराव्या आवृत्तीपासून, म्हणजे मार्च २०२२ पासून, जावानें कोणत्याहि संगणकावर यूटीएफ-८ हीच आपली नेहमींची चाल ठरविली. मराठी लिहिणारास नवी आवृत्ति घेण्याचें याहून सबळ कारण आम्हांस दिसत नाहीं. तथापि दोन गोष्टी ध्यानांत असूं द्याव्या. जीं नांवें आधींच फुटलीं तीं नव्या आवृत्तीनें सांधलीं जाणार नाहींत. पुष्कळ जण नवी आवृत्ति चढविल्यावर फाइल प्रथमच लक्षपूर्वक पाहतात आणि जुन्याचा दोष नवीच्या माथीं मारतात. दुसरें असें कीं, जी फाइल खरोखरच विंडोज-१२५२ मध्यें लिहिलेली असेल, उदाहरणार्थ रोमन लिपींतील यादींत अर्ध्या किलोचें '½' हें चिन्ह असेल, तर तें चिन्ह नव्या आवृत्तींत वाचलें जाणार नाहीं. असा घोटाळा टाळण्याचा उपाय एकच : फाइल उघडतांना पद्धतीचें नांव प्रोग्रामांतच लिहावें. तसें केलें म्हणजे कोणत्याहि आवृत्तींत एकच फळ मिळतें. कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या पटलावर मराठी अक्षरें तरीहि नीट उमटलीं नाहींत, तर नवल मानूं नये. तें पटल अद्याप आपल्याच चालीनें चालतें, आणि फाइलींतील मजकुराशीं त्याचा संबंध नसतो.

वेळ दाखविण्यांतहि एक न दिसणारा बदल झाला आहे. अमेरिकन इंग्रजी पद्धतीनें वेळ लिहिली असतां, आंकडे व 'पीएम' यांच्यामध्यें विसाव्या आवृत्तीपासून साधी मोकळी जागा न येतां एक निराळी, अरुंद व न तुटणारी जागा येते. डोळ्यांस फरक दिसत नाहीं, पण साध्या जागेची अपेक्षा करणारा प्रोग्राम ती वेळ वाचूं शकत नाहीं.

प्रत्यक्ष बदल कसा करावा, असेंहि विचारतात. एका संगणकावर दोन आवृत्त्या निरनिराळ्या फोल्डरांत खुशाल नांदतात, म्हणून जुनी लगेच काढण्याचें कारण नाहीं. प्रथम आपल्या सर्व कामाची प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी. मग नवीवर प्रोग्राम पुन्हां कंपाइल करावे आणि ज्या सूचना येतील त्या वाचाव्या; डोळे मिटून पुढें जाऊं नये. नुसतें अधोरेखाचिन्ह हें एखाद्या चलाचें नांव दिलें असेल, तर नववीपासून तें चालत नाहीं. 'रेकॉर्ड' नांवाचा क्लास केला असेल, तर सोळावीपासून संग्रहांतील त्याच नांवाच्या क्लासाशीं कधीं कधीं घोटाळा होतो. हे दोष दहा मिनिटांत निघतात. त्यानंतर ज्याचें उत्तर आधींच ठाऊक आहे असा जुना हिशेब दोहोंवर चालवून ताडून पाहावा. एक सहामाही निर्वेध गेली म्हणजे जुनी काढावी. नव्या कंपायलराकडून जुन्या आवृत्तीसाठीं क्लास फाइल करून घेण्याचीहि सोय आहे. मात्र विसाव्या आवृत्तीपासून तो सातवीसाठीं करून देत नाहीं, व आठवीसाठीं एकविसावीपासून कुरकुर करतो.

पालकांचा पैशाविषयींचा प्रश्न रास्त आहे, कारण त्याबाबत गोंधळ झाला होता खरा. एप्रिल २०१९ पासून ओरॅकलनें आठव्या आवृत्तीच्या नव्या दुरुस्त्यांस व्यापारी उपयोगासाठीं सशुल्क परवाना लावला. घरगुती उपयोग त्यांतून वगळला होता. सतरावीपासून अटी पुन्हां सैल झाल्या, तरी त्यांस मुदतीची मर्यादा आहे. परंतु जावाचा मूळ मजकूर ओपनजेडीके या नांवानें सर्वांस खुला आहे, आणि त्यावरून बांधलेल्या पेट्या, जसें एक्लिप्स टेम्युरिन, फुकट मिळतात. दुकानांत वापरल्या तरी त्यांस शुल्क नाहीं. मुलाच्या शिक्षणासाठीं या कामीं एक पैसाहि खर्च करूं नये. कोणी दुकानदार जेडीके चढविण्याचे म्हणून पैसे मागेल, तर ते त्याच्या श्रमाचे असतील; वस्तूचे नव्हेत.

राहिला परीक्षेचा प्रश्न. आय.सी.एस.ई. परीक्षेस संगणक विषय घेणारे विद्यार्थी जावा शिकतात, व अनेक शाळांत त्यासाठीं ब्ल्यूजे वापरतात. विंडोजवरील ब्ल्यूजेच्या संचांत त्याचें स्वतःचें जेडीके बांधलेलेंच असतें. म्हणून संगणकावर दुसरी आवृत्ति चढविल्यानें ब्ल्यूजेंत आपोआप फरक पडत नाहीं. पंचविसाव्या आवृत्तींत लहान प्रोग्राम अगदीं थोड्या शब्दांत लिहितां येतो. क्लासचें नांव नको, 'पब्लिक स्टॅटिक' ही लांबण नको; 'व्हॉइड मेन' एवढें म्हटलें कीं काम भागतें. ज्यांनीं ती लांबण अर्थ न कळतां पाठ केली आहे, त्यांस याचा आनंद होणें साहजिक आहे. घरीं सराव करतांना तिचा अवश्य उपयोग करावा. उत्तरपत्रिकेंत मात्र पाठ्यपुस्तकांतील पूर्ण रूपच लिहावें. तें पंचविसावींतहि पूर्वींप्रमाणेंच चालतें, आणि तपासणाऱ्या परीक्षकांच्या संगणकावर कोणती आवृत्ति आहे, हें तुम्हांस ठाऊक असण्याचा संभव नाहीं.