ऑइल कॅच कॅन घेताना

टर्बो डिझेल गाडीचा ब्रीदर पाइप काढून पाहा, आत तेल दिसेलच. रिंगांतून निसटलेला गॅस ते तेल इनटेककडे नेतो. तिथे ईजीआरच्या काजळीत त्याचा चिखल होतो. कॅच कॅन हे तेल वाटेतच अडवतो. आत जाळी वा पडदे नसलेला डबा स्वस्तातही नको. नळीचे भोक मूळ पाइपपेक्षा लहान नसावे, नाहीतर दाब कोंडून ऑइल सील गळतात. नळीत झोळ नको. डबा टर्बोपासून दूर, घट्ट बसवा. दुसरे तोंड हवेत न सोडता इनटेकलाच जोडा.

डबा भराभर भरत असेल तर बहुधा रिंगा झिजल्या आहेत. गिऱ्हाइकाला तसे स्पष्ट सांगावे. त्याच्या गळ्यात मोठा डबा मारणे ही फसवणूकच. थंडीत डब्यात पाणीही जमते, म्हणून निघालेले तेल परत इंजिनात ओतू नये.