कोअर-कॅव्हिटी वेगळी करण्याआधी

इंजेक्शन मोल्डच्या पहिल्या ट्रायलला पार्ट बिघडला की ग्राहकाचं वाक्य ठरलेलं असतं : ‘थ्रीडी मॉडेल तर तुमच्याकडंच होतं ना!’ भोसरी-चाकण असो की वाळूज, टूलरूममध्ये डिझाइनला बसणाऱ्या प्रत्येकाने ते ऐकलं आहे, आणि माझं डोकं त्याने आजही तापतं. कारण प्लास्टिक कुठलं, गेट कुठे, रिबला ड्राफ्ट किती, हे ठरवायचं पार्ट डिझाइन करणाऱ्याने. खापर फुटतं मोल्ड डिझाइन करणाऱ्यावर. सॉफ्टवेअरही अडवत नाही. यातलं काहीच ठरलेलं नसलं तरी एनएक्स किंवा सॉलिडवर्क्समध्ये पार्टिंग सरफेस तयार होतो, कोअर-कॅव्हिटी वेगळी होते, आणि स्क्रीनवर साचा उघडताना दिसला की सगळ्यांना वाटतं, डिझाइन झालं. माझं म्हणणं असं, की या गोष्टी ग्राहकाकडून लेखी आल्याशिवाय मॉडेलला स्केलसुद्धा लावू नये.

श्रिंकेजचंच घ्या. एबीएस साधारण अर्धा टक्का आकसतं, पॉलिप्रॉपिलीन दीड टक्क्याच्या आसपास. २०० मिलिमीटर लांबीवर एकात १ मिलिमीटर जातो, दुसऱ्यात ३. ‘स्वस्त पडतंय, पीपी वापरू’ असं मध्येच सांगणाऱ्याला वाटतं की फक्त दाणा बदलला; प्रत्यक्षात सगळा साचा बदललेला असतो. ग्लास भरलेल्या नायलॉनमध्ये तर याहून कठीण. काचेचे तंतू प्रवाहाच्या दिशेने लोळतात, त्या दिशेने पार्ट कमी आकसतो आणि आडव्या दिशेने बराच जास्त. सगळीकडे एकच स्केल फॅक्टर लावला तर गोल बोअर लंबगोल येतो. गेट हलवलं की प्रवाह फिरतो, आणि त्याच्याबरोबर श्रिंकेजही. म्हणून आधी गेट, मग स्केल. शिवाय २ टक्के श्रिंकेजला १.०२ ने गुणण्याची सवय सोडा. १ ला ०.९८ ने भागा, १.०२०४ येतं. ३०० मिलिमीटरवर हा फरक ०.१२ मिलिमीटर आहे. फिटिंगचा पार्ट तेवढ्याने अडतो.

ड्राफ्टचं दुखणं वेगळं. मॉडेलमध्ये ४० मिलिमीटर खोल रिब सरळसोट उभी असते आणि ‘ड्राफ्ट तुम्ही टाकून घ्या’ असा निरोप येतो. दोन्ही बाजूंना फक्त १ अंश दिला तरी टोकाला १ मिलिमीटर असलेली रिब मुळाशी २.४ होते. भिंत अडीचची असेल तर मूळ जवळजवळ भिंतीइतकं जाड झालं, आणि समोरच्या दिसणाऱ्या बाजूवर सिंक मार्क आला. रिबचं मूळ भिंतीच्या निम्म्याच्या आसपास ठेवावं, हे ग्राहकाच्या डिझायनरलाही माहीत असतं; तरी ट्रायलला तोच पार्ट उजेडात तिरपा धरून खड्डा दाखवतो. रिब उथळ करायची की भिंत बदलायची, हा निर्णय त्याचा होता.

यावर कुणी म्हणेल, फ्लो ॲनालिसिस करा, सगळं कळेल. मोल्डफ्लो १९७८ पासून आहे, हे हत्यार नवं नाही, आणि वेल्ड लाइन किंवा अडकणारी हवा दाखवण्यात त्याचा मोठा उपयोग होतो. पण गेटची जागा आणि मटेरियलचा ग्रेड त्यालाही आपणच सांगतो. ते अंदाजाने भरलं तर वॉर्पेजचं उत्तरही अंदाजाचंच. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे : लेखी मागत बसलं तर काम शेजारच्या टूलरूमला जाईल. जातं, हे मी नाकारत नाही. मग सही मागू नका. ग्रेड, श्रिंकेज, गेट आणि बदललेल्या प्रत्येक रिबची जाडी आपणच मेलमध्ये लिहा, चित्र जोडा आणि ‘यावर पोलाद कापतोय’ असं कळवा. उत्तर आलं नाही तरी तुमच्याकडे तारखेसकट नोंद राहते.

बाकी फाइलला रिव्हिजन नंबर द्या, घाई करू नका, हे सगळेच सांगतात. मी एवढं नक्की सांगेन, की फिटिंगच्या मापांवर पोलाद शिल्लक ठेवा. बोअरची कोअर पिन वरच्या मर्यादेला, बाहेरचा आकार खालच्या मर्यादेला. पोलाद घासून काढता येतं. वेल्डिंगने भरलेली जागा मात्र टेक्स्चर केल्यावर वेगळी दिसू शकते, आणि तो डागही आपल्याच नावावर लागतो. ट्रायलनंतरच्या बदलांचा दर कोटेशनमध्येच छापा, पहिल्या पानावर.