वर्गातील उचकी व शिक्षक

शालेय पोषण आहारानंतर एखाद्या मुलास उचकी लागते, वर्ग हसतो आणि ‘कोणी आठवण काढली’ एवढ्यावर विषय संपतो. वस्तुतः श्वासपटल एकाएकी आकुंचन पावते व लगेच कंठद्वार मिटते. त्याचाच तो आवाज होय. घाईने किंवा अति खाल्ल्याने असे घडते. म्हणून पंगतीत सावकाश चावून जेवण्याची सवय लावावी. उचकी लागल्यास १० अंक मोजेपर्यंत श्वास रोखण्यास सांगावे, अथवा घोटघोट पाणी द्यावे. मुलास दचकवू नये. उचकी ४८ तासांहून अधिक टिकल्यास पालकांनी मुलास प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात न्यावे, असे शिक्षकांनी त्यांस आवर्जून सांगावे. हसणाऱ्या वर्गास मात्र श्वासपटलाचा पाठ तेव्हाच द्यावा. म्हणजे ते मूल ओशाळणार नाही.