काचेच्या टाकीतील देशी मासे

रंगीत मासे विकणाऱ्या दुकानात पाऊल टाकले की काचेच्या टाक्यांवर चिकटवलेली नावे प्रथम नजरेत भरतात : गोल्डफिश, गप्पी, एंजल, झेब्रा, रोझी बार्ब, हनी गुरामी. नावे परकी, म्हणून मासेही परदेशी, असा ग्राहकाचा समज होतो. तो अर्धाच खरा आहे. गोल्डफिश मूळचा चीनचा, गप्पी आणि एंजल दक्षिण अमेरिकेतील. परंतु यादीतील उरलेले तिघे भारतीय उपखंडातील नद्या, ओढे, तळी आणि भातखाचरे यांचे जुने रहिवासी आहेत. घरातील टाकीत पोहणारा मासा आपल्याच देशातील पाण्याचा आहे, हे तो पाळणाऱ्याला अनेकदा ठाऊक नसते.

वास्तविक या माशांची शास्त्रीय नावे मात्र इथल्या मातीतून उगवलेली आहेत. फ्रान्सिस हॅमिल्टन हा स्कॉटिश वैद्य ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत असताना बंगाल व बिहार या प्रांतांत हिंडला आणि गंगा व तिच्या उपनद्यांतील माशांवर त्याने लिहिलेला ग्रंथ १८२२ मध्ये प्रसिद्ध झाला. मासेमारांच्या तोंडची अनेक नावे त्याने थोडा लॅटिन साज चढवून तशीच ठेवली. झेब्रा माशाच्या ‘दानियो’ या नावाचे मूळ बंगालीतील ‘धानी’, म्हणजे भातशेतातील, या शब्दात सांगितले जाते. दख्खनमध्ये कर्नल साइक्स याने १८३९ मध्ये हेच केले. डोंगरी ओढ्यातील खडकाला चिकटून राहणाऱ्या ‘मळ्या’ माशाचे मराठी नाव त्याच्यामुळे जगभरच्या प्राणिशास्त्रात कायमचे नोंदले गेले.

मासा ओळखायचा तो केवळ रंगावरून नव्हे. दुकानातील प्रखर दिव्याखाली, गर्दीत आणि भीतीने माशाचा रंग उडालेला असतो. म्हणून आधी शरीराची ठेवण पाहावी, मग तोंड वर वळलेले आहे की खाली, ओठांजवळ मिशा आहेत का, पाठीवरचा पर कोठून सुरू होतो, आणि शेवटी पट्टे व ठिपके नेमके कोठे आहेत ते पाहावे. झेब्रा माशाचेच उदाहरण घेऊ. तो जेमतेम तीन-चार सेंटिमीटर लांब असतो. निळसर पट्टे अंगभर सरळ धावत जाऊन शेपटीच्या परावर आणि पोटामागील गुदपरावरही उमटतात. पश्चिम घाटातील ओढ्यांत राहणारा मलबार दानियो वरवर त्याच्यासारखा दिसतो. मात्र तो बराच मोठा व रुंद असतो आणि त्याचे पट्टे कल्ल्यांच्या मागे तुटून ठिपक्यांसारखे होतात. झेब्राची मादी पोटाशी गोल, तर नर सडपातळ व किंचित सोनेरी असतो. हे मासे थव्याने राहणारे असल्यामुळे एकटादुकटा झेब्रा पाळणे म्हणजे त्याला कायमचा अस्वस्थ ठेवणे होय.

या चिमुकल्या माशाची कीर्ती त्याच्या आकाराला साजेशी मुळीच नाही. त्याची अंडी आईच्या शरीराबाहेर वाढतात आणि पारदर्शक असतात. त्यामुळे फलनानंतर साधारण एका दिवसात धडधडू लागणारे हृदय सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष पाहता येते. याच गुणामुळे तो जगातील असंख्य प्रयोगशाळांत पोहोचला. २०१३ मध्ये त्याच्या जनुकसंचाचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा मानवाच्या सुमारे ७० टक्के जनुकांशी नाते सांगणारी जनुके त्याच्यात असल्याचे दिसून आले. बंगालच्या खाचरातील पोरे ज्याला सहज ओंजळीत पकडतात, तोच हा मासा.

हनी गुरामीची गोष्ट अधिक गमतीची आहे. दुकानात तो फिकट, रुपेरी, काहीसा निस्तेज दिसतो आणि बहुतेक ग्राहक त्याच्याकडे पाठ फिरवतात. पण वनस्पतींनी भरलेल्या शांत टाकीत काही आठवडे गेले, की नराच्या अंगावर मधाचा केशरी रंग चढतो आणि तोंडापासून पोटाखालपर्यंतचा भाग गडद निळा-काळा होतो. मादी मात्र तशीच फिकी राहते. हा फरक इतका मोठा, की खुद्द हॅमिल्टनही फसला. एकाच जातीचे वर्णन त्याने दोन वेगळ्या जाती म्हणून केले! गुरामीच्या छातीखालचे दोन पर धाग्यासारखे लांब असून त्यांनी तो आंधळ्याच्या काठीप्रमाणे समोरची वस्तू चाचपतो. कल्ल्यांबरोबरच श्वसनाचे खास इंद्रिय असल्याने तो पृष्ठभागावर येऊन हवा घेतो. नर बुडबुड्यांचे घरटे बांधतो व अंड्यांची राखणही तोच करतो.

रंगाच्या हव्यासापायी होणारी क्रूरता काचमाशाच्या वाट्याला आली. या देशी माशाचे शरीर इतके पारदर्शक असते, की पाठीचा कणा बाहेरून दिसतो. तेवढ्याने समाधान न होऊन काही व्यापारी सुईने त्याच्या अंगात गुलाबी, हिरवे रंग टोचतात. रंग काही महिन्यांत विरतो. जखमेतून शिरलेला रोग अनेकदा त्याआधीच माशाचा बळी घेतो. निसर्गात असे चमकदार गुलाबी पट्टे असलेला काचमासा नसतो, एवढे ओळखता आले तरी ग्राहक तो विकत घेणार नाही.

केरळमधील ‘मिस केरळ’ या माशावर सौंदर्यामुळेच संकट ओढवले. काळ्या रेषेवरून थुंकीसारख्या टोकदार मुखापासून धावणारी लाल रेघ आणि शेपटीवरील काळे-पिवळे पट्टे, ही त्याची खूण. फ्रान्सिस डे याने १८६५ मध्ये त्याचे वर्णन केले. परंतु १९९० च्या दशकात परदेशी बाजारपेठेत मागणी वाढल्यावर वेगवान, स्वच्छ ओढ्यांतून तो मोठ्या प्रमाणावर पकडला जाऊ लागला. आंतरराष्ट्रीय यादीत त्याची नोंद धोक्यातील जाती म्हणून झाली. २०१३ मध्ये त्याच्यासाठी ‘सह्याद्रिया’ ही नवी प्रजाती स्थापन झाली, आणि वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीने त्याला अनुसूचीत स्थान मिळाले. म्हणून हा मासा ओळखता येणे आता केवळ हौसेचा विषय राहिलेला नाही.

टाकीतील शेवाळ खाण्यासाठी दुकानदार हमखास सुचवतो तो ‘सकर’ मासा दक्षिण अमेरिकेचा. तो फूटभर वाढला की टाकीत मावत नाही, मग कंटाळलेला मालक त्याला जवळच्या तळ्यात सोडून देतो. अशा माशांनी कोलकात्याच्या पाणथळ भागांत आणि गंगेतही बस्तान बसवले आहे. शेवाळ खरवडण्याचे तेच काम मळ्याही करतो. हनुवटीखालच्या चकतीने तो काचेला चिकटतो. त्याला गार, वाहते, प्राणवायूने भरलेले पाणी तेवढे लागते, आणि कोंदट टाकीत तो पहिल्या काही दिवसांतच दगावतो.