रोहिणीचे पाणी आणि चिरस्थायी शांततेचा प्रश्न

निवासी शाळेत सायंकाळच्या वंदनेत साऱ्या प्राणिमात्रांच्या मंगलाची कामना रोज केली जाते. ती करणारा विद्यार्थी जरा मोठा झाला, वृत्तपत्र वाचू लागला, की केव्हातरी विचारतो : जगात कायमची शांतता कधी खरोखर नांदणार आहे काय? या प्रश्नाला दोन तयार उत्तरे आहेत. एक सभासमारंभातले : माणसांची मने बदलली की युद्धे आपोआप थांबतील. दुसरे पारावरचे : माणूस आहे तोवर भांडण राहणारच. पहिले उत्तर ऐकायला गोड आहे, दुसरे अनुभवी वाटते. आम्हांला दोन्ही अपुरी वाटतात; त्यातही दुसरे अधिक आळशी वाटते, कारण ते दिल्यानंतर काहीच करावे लागत नाही.

खरे पाहता ‘चिरस्थायी’ हा शब्दच बौद्ध विचाराला अडचणीचा आहे. जे जे घडलेले आहे ते ते अनित्य आहे, ही तथागतांची शिकवण आपण मान्य करतो. मग शांतताही अनित्यच मानावी लागेल. परंतु याच न्यायाने युद्धही अनित्य ठरते, हे मात्र सहसा कोणी बोलत नाही. कारणे जुळून आली की एखादी गोष्ट उद्भवते आणि कारणे सरली की ती मावळते, हा प्रतीत्यसमुत्पादाचा नियम दोहोंना सारखाच लागू आहे. तेव्हा शांतता कायमची मिळेल काय, असे विचारण्यापेक्षा शांततेची कारणे कोणती, ती माणसाच्या हातची आहेत काय आणि ती किती काळ राखता येतात, असे विचारणे योग्य. असा विचारला म्हणजे हा प्रश्न आकाशातून जमिनीवर येतो आणि बीड जिल्ह्यातल्या माणसालाही त्यावर बोलण्याचा अधिकार मिळतो.

बौद्ध वाङ्मयातील युद्धाची सर्वांत परिचित कथा पाण्याची आहे. शाक्य आणि कोलिय यांच्या सीमेवरून रोहिणी नदी वाहत असे. अट्ठकथेतील वृत्तान्त असा : ज्येष्ठ महिन्यात पाणी आटले, उभी पिके सुकू लागली आणि पाणी आधी कोणी घ्यावे यावरून दोन्हीकडच्या शेतमजुरांत बाचाबाची झाली. बोलाचालीत एकमेकांच्या कुळाचा उद्धार झाला. तो अपमान मजुरांकडून अधिकाऱ्यांकडे, अधिकाऱ्यांकडून राजकुळांकडे गेला आणि दोन्ही सैन्ये शस्त्रे घेऊन तीरावर उभी राहिली. भगवान तेथे पोहोचले आणि त्यांनी भांडणाचे कारण विचारले. राजांना ते सांगता येईना. त्यांनी सेनापतींना विचारले, सेनापतींनी खालच्यांना. विचारणा उतरत उतरत अखेर मजुरांपर्यंत आली, तेव्हा कळले की भांडण पाण्याचे आहे. मग पाण्याचे मोल अधिक की माणसांच्या रक्ताचे, एवढाच प्रश्न तथागतांनी केला.

या कथेतील कारण शोधण्याचा प्रवास आम्हांला विशेष महत्त्वाचा वाटतो. मूळ प्रश्न पाटाच्या पाण्याचा होता. वर चढता चढता तो कुळाच्या अभिमानाचा झाला आणि वर पोहोचलेल्यांना मूळ प्रश्न ठाऊकच राहिला नाही. बांधाचा, पाणंदीचा, पाणवठ्याचा वाद जातीच्या वादात कसा रूपांतरित होतो, हे आपल्या भागातील माणसाला निराळे समजावून सांगावे लागत नाही.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या त्यांच्या पश्चात १९५७ मध्ये प्रकाशित झालेल्या ग्रंथात रोहिणीला फार मोठे स्थान दिले. वृद्ध, आजारी आणि मृत माणूस पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला, ही परंपरागत कथा त्यांच्या बुद्धीला पटली नाही. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोपर्यंत मृत्यू पाहिलाच नव्हता, हे कसे मानावे? त्यांच्या मांडणीत सिद्धार्थ हा शाक्य संघाचा सभासद आहे. सेनापती युद्धाचा ठराव मांडतो आणि सिद्धार्थ विरोध करतो. तो केवळ ‘युद्ध नको’ म्हणत नाही, पर्यायही ठेवतो : आपल्यातून दोघे निवडावेत, कोलियांनी दोघे निवडावेत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी मिळून तंटा सोडवावा. ठराव बहुमताने सेनापतीच्या बाजूने जातो. बहुमत नेहमी शांततेच्या बाजूचे असतेच असे नाही, ही नोंद संसदीय लोकशाहीच्या एका शिल्पकाराने तथागतांच्या चरित्रात करून ठेवावी, हे लक्षात घेण्याजोगे आहे. सिद्धार्थ सैन्यात जाण्यास नकार देतो आणि कुटुंबावर बहिष्कार व जमीनजप्ती ओढवू नये म्हणून स्वतः परिव्रज्या पत्करतो.

पाच जणांचा तो लवाद म्हणजे दैवी उपदेश नव्हे, ती एक व्यवस्था आहे. अशा व्यवस्थेने काय साधते, हे पाहण्यासाठी नेपाळच्या तराईत जावे लागत नाही. गोदाकाठ पुरेसा आहे. पैठणच्या नाथसागराचा उजवा कालवा बीड जिल्ह्यातून माजलगाव धरणाकडे येतो. वरच्या अंगाला नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतील धरणे आहेत. पाऊस उणा पडला की वरच्यांना आपली उभी पिके दिसतात आणि खालच्यांना कोरडा कालवा. दोघांचीही तहान खरी असते, म्हणूनच हा वाद अवघड आहे. मोर्चे निघाले, रस्ते अडवले गेले, बंदोबस्तात पाणी सोडावे लागले. तरीही हा वाद तलवारींपर्यंत गेला नाही. २००५ मध्ये राज्यात जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला आणि समन्यायी वाटपाचे तत्त्व त्यात आले. मेंढेगिरी समितीने १५ ऑक्टोबरचा साठा पाहून, जायकवाडीत ६५ टक्क्यांहून कमी पाणी असल्यास वरून पाणी सोडण्याचे सूत्र सुचवले. २०१४ मध्ये प्राधिकरणाने त्यावर आधारलेला आदेश दिला आणि २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपाचे तत्त्व उचलून धरले. कोणीही पूर्ण समाधानी नाही. दरवर्षी आकड्यांवरून वाद होतो. पण वाद आकड्यांवर होतो, कुळावर नव्हे, यालाच आम्ही शांततेची एक पायरी समजतो.

जगाच्या पातळीवर हेच प्रयत्न मोठ्या प्रमाणावर झाले, फसले आणि काही ठिकाणी टिकले. पहिल्या महायुद्धानंतर १९२० मध्ये राष्ट्रसंघ सुरू झाला. १९२८ च्या पॅरिस करारात राष्ट्रांनी युद्धाचा मार्ग सोडल्याचे जाहीर केले; सह्या करणाऱ्यांत जर्मनी, इटली आणि जपानही होते. तीनच वर्षांत जपान मांचुरियात शिरला. ती प्रतिज्ञा होती, पण ती मोडणाऱ्याला आवरणारा कोणी नव्हता. १९४५ च्या संयुक्त राष्ट्रसंघात आवरण्याची सोय झाली, पण पाच बड्या राष्ट्रांना नकाराधिकार मिळाला. म्हणजे पंचांपैकी कोणी स्वतःच वादी असला की पंचायत थबकते. याउलट फ्रान्स आणि जर्मनी यांचे पाहा. १८७० ते १९४० या सत्तर वर्षांत ते तीनदा लढले. १९५१ च्या करारान्वये त्यांनी इतर चार देशांसह आपला कोळसा आणि पोलाद, म्हणजे तोफांचा कच्चा मालच, एका सामाईक अधिकाराखाली आणला. त्यानंतर त्यांच्यात युद्ध झाले नाही. त्यांची मने आधी बदलली आणि मग करार झाला, असे म्हणता येणार नाही. पुष्कळ अंशी उलटे घडले. अर्थात अशा व्यवस्थाही अनित्यच. भारत आणि पाकिस्तान यांच्यातील १९६० चा सिंधू जलकरार १९६५ आणि १९७१ च्या युद्धांतूनही तगला होता. पहलगामच्या हत्याकांडानंतर एप्रिल २०२५ मध्ये भारताने तो स्थगित केला.

सम्राट अशोकाचे उदाहरण येथे अनेकांच्या ओठांवर येईल. कलिंगयुद्धात एक लाख माणसे मारली गेली, दीड लाख देशोधडीला लागली, असे तेराव्या शिलालेखात त्याने स्वतःच नोंदवले. विजेत्याने असा पश्चात्ताप दगडावर कोरून ठेवल्याचे दुसरे उदाहरण इतिहासात शोधावे लागेल. मात्र हा लेख कलिंगातील धौली आणि जौगड येथे नाही. तेथे त्याच्या जागी प्रजेशी न्यायाने वागण्यासंबंधी अधिकाऱ्यांना दिलेल्या आज्ञा आहेत. ज्यांची माणसे मारली गेली त्यांच्या डोळ्यांसमोर ते आकडे येऊ नयेत, असा विचार झाला असावा असे आम्हांला वाटते. शिवाय त्याच तेराव्या लेखात अटवीवासीयांना दंडशक्तीची आठवणही करून दिलेली आहे. एका माणसाचे हृदयपरिवर्तन थोर असते. पण त्याच्या मागून येणाऱ्याला ते वारशात मिळत नाही.

येथपर्यंत आले की व्यवस्था हेच उत्तर आहे, असे वाटू लागते. बाबासाहेबांचा सिद्धार्थ मात्र तेथे थांबत नाही. तो निघून गेल्यावर शाक्यांत युद्धाविरुद्ध लोकमत उसळते, कोलियांशी तह होतो आणि रोहिणीच्या पाण्यासाठी कायमचा लवाद नेमण्याचे ठरते. पाच परिव्राजक ही वार्ता त्याला देतात. युद्ध टळले, मग आता घरी परतायला हरकत कोणती? तरीही तो परतत नाही. राष्ट्राराष्ट्रांतील युद्ध अधूनमधून होते, वर्गावर्गांतील संघर्ष मात्र अखंड चाललेला असतो आणि दुःखाचे मूळ तेथे आहे, असे त्याला दिसते. आमच्या मते साऱ्या ग्रंथातील हे सर्वांत महत्त्वाचे वळण आहे. युद्धाचा अभाव म्हणजे शांतता नव्हे.

मराठवाड्याने हे अनुभवले आहे. २७ जुलै १९७८ रोजी विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी संमत केला आणि त्यानंतर गावोगावच्या बौद्ध वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली, नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी येथे पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. २६ जुलैपर्यंत ही गावे ‘शांत’ होती. ती शांतता एका नावाचाही भार सोसू शकली नाही. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. ‘मराठवाडा’ राहिले आणि ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ जोडले गेले. ही तडजोड होती आणि तिच्यासाठी सोळा वर्षे फार मोठी किंमत मोजावी लागली. आज बीड जिल्ह्यातील महाविद्यालयांतून पदवी घेणाऱ्या सर्व जातींच्या मुलामुलींच्या पदवीपत्रावर ते नाव असते, आणि बहुतेकांना त्यात वेगळे काही वाटतही नाही. हे न वाटणे ही मोठी कमाई आहे. मात्र ती आपोआप टिकते असे कोणी समजू नये.

दुसरा अखंड संघर्ष आपल्या दाराशी आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता, हिशेब एकाच्या नावे आणि उचल फेडेपर्यंत सुटका नाही, ही ऊसतोडीची रीत येथील घराघरांना ठाऊक आहे. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर आलेल्या पाहणीत बीड जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढले गेल्याचे आढळले. येथे कोणतेही सैन्य उतरलेले नव्हते. दीघनिकायातील कूटदंत सुत्तात राजपुरोहित राजाला सांगतो, की लूटमार दंडाने आणि वधाने थांबत नाही. शेतकऱ्याला बी आणि चारा दे, व्यापाऱ्याला भांडवल दे, सेवकाला योग्य वेतन दे. बी, चारा आणि वेतन हे तिन्ही शब्द आपल्या जिल्ह्याला फार जवळचे आहेत.

म्हणूनच ऊसतोडीच्या दराचा तंटा लवादाकडे नेण्याचा पायंडा पडला, हे आम्ही मोठे पाऊल मानतो. एके काळी शरद पवार आणि गोपीनाथ मुंडे यांच्या लवादाने हे दर ठरत. संप होतो, बैठक होते, करार होतो आणि मुदत संपली की पुन्हा सारे नव्याने. शांततेची कारणे राखणे म्हणतात ते हेच काम. त्यातील उणीव मात्र सिद्धार्थाच्या ठरावाशी ताडून पाहावी : तेथे दोन्ही पक्ष आपापले दोघे निवडणार होते.

ऑक्टोबर उजाडला की पैठणला नाथसागराची पातळी मोजण्याची वेळ येते. त्याच सुमारास पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणीच्या रस्त्यांवर संसार लादलेले ट्रक आणि ट्रॅक्टर दिसू लागतात आणि निवासी शाळांत दाखल होणाऱ्या मुलांची रांग वाढते. त्या मुलांची आई ज्या कोयत्याचा अर्धा भाग आहे, त्याचा दर ठरवताना तिच्या वतीने बैठकीत कोण बसते, हे वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी यंदा घरी विचारून लिहून आणायचे आहे. पालकांनी त्यांना उत्तर द्यावे, ही विनंती.